निखारा बाहेर येईपर्यंत

पूर्वी शोणावती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाखेच्या बांगड्या वळणाऱ्या कारागिरांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमक. वडिलांच्या मागे तो त्या आळीचा ज्येष्ठक, म्हणजे प्रमुख झाला. आळीत भांडण झाले तर ते त्याच्या ओट्यावर येई, आणि राजवाड्यातून बांगड्यांची मागणी आली तर तीही त्याच्याच दारात येई.

आळी नदीच्या उंच काठावर होती. घरे मातीची, वरून गवताने शाकारलेली, आणि एकमेकांना इतकी लागून की एका घरातल्या सुनेने वाटण वाटले की शेजारच्या रांजणावरचे झाकण हाले. घराघरांत शेगड्या पेटलेल्या असत. शेगडीवर लाख मऊ करायची, तीत राळ आणि रंग कालवायचा, पाटावर वळ्या वळायच्या आणि गरम असतानाच टिकल्या बसवायच्या. भिंतीलगत राळेची पोती, कोपऱ्यात लाखेच्या कांड्या, आणि बांगड्या बांधून पाठवण्यासाठी साठवलेला पेंढा. तिथली माणसे घरात राहत होती असे म्हणण्याचा रिवाज होता. खरे पाहिले तर ती सरपणात राहत होती.

त्या आळीची एक रीत होती. प्रत्येक घराच्या अगदी आतल्या खोलीत, जिला दुसरे दार नाही आणि झरोकाही नाही, तिथे कोनाड्यात राखेने भरलेले एक मडके असे. त्या राखेत एक निखारा जपलेला असे. हा कुळाचा निखारा. फार पूर्वी त्यांचे पूर्वज रान तुडवीत या काठावर आले, तेव्हा झड लागली होती. लाकूड पेटेना, लेकरे गारठून मरू लागली. एका बाईने पदराखाली राखेत जपून आणलेल्या एका निखाऱ्यावर सगळा तांडा जगला. त्याच निखाऱ्यापासून आळीतल्या साऱ्या चुली पेटल्या, आणि तो मूळ निखारा ज्येष्ठकाच्या घरी राहिला. नवी सून उंबरठा ओलांडून आली की सासू तिच्या हातात ते मडके देई. त्या दिवसापासून निखारा तिचा. तो विझला तर ती सून पांढऱ्या पायाची ठरे आणि तिच्या माहेरचे तोंड दाखवू शकत नसत.

घराला आग लागली तर काय करायचे, हेही रीतीने ठरवून ठेवले होते. आधी निखारा बाहेर, मग पाणी. निखारा आत असताना घरावर पाणी टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने कुळ विझवणे.

बोधिसत्त्व ज्येष्ठक झाला त्याच्या आधी आळीत कितीदा तरी आगी लागल्या होत्या. प्रत्येक वेळी लोक रडले, छप्पर पुन्हा शाकारले आणि शेगडी जिथे होती तिथेच पुन्हा मांडली. बोधिसत्त्वाला ते पाहवेना. त्याने घरोघर जाऊन हात जोडले. शेगड्या अंगणात न्या, त्यांच्यावर मातीने लिंपलेले छप्पर घाला. राळ आणि पेंढा एका खोलीत ठेवू नका. दाराशी पाण्याचा रांजण, वाळूची पाटी आणि भिजवलेले गोणपाट ठेवा. पेटलेल्या लाखेवर पाणी ओतू नका, ती उडते आणि अंगाला चिकटते. तिच्यावर वाळू टाका, गोणपाट दाबा. धूर भरला तर उभे राहू नका, जमिनीशी तोंड नेऊन रांगत दाराकडे या. निजण्याआधी शेगडी विझवा आणि राखेत हात घालून पाहा.

लोकांनी त्याची थट्टा केली. समोरच्या घरातला कुंभक म्हणाला, "ज्येष्ठक, आता आमच्या बायकांना रांगायला शिकवणार होय? त्या उभ्यानंच आमचं ऐकत नाहीत."

त्याची बायको आतून ओरडली, "तुम्ही आधी निजताना दिवा विझवायला शिका, मग माझ्या रांगण्याचं बघू!"

असे हसत-खेळत का होईना, लोकांनी ऐकले. बोधिसत्त्वाने आणखी एक गोष्ट सुरू केली. दर पौर्णिमेला संध्याकाळी ढोल वाजे आणि एखाद्या घराला आग लागली आहे असे समजून सारी आळी धावे. नदीपासून दारापर्यंत माणसांची रांग लागे, घागरी हातोहात येत. पोरांना तो खेळ वाटे आणि मोठ्यांनाही. त्या संध्याकाळी घराघरांत गूळ घालून पोहे होत.

या खेळात सगळ्यांत चपळ होती बोधिसत्त्वाची सून नंदिका. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. नवरा भद्रक बांगड्या घेऊन गावोगावच्या जत्रांना जाई, तेव्हा घर तीच चालवी. रोज संध्याकाळी शेगडी विझवल्यावर ती राखेवर हाताची मागची बाजू ठेवी, जशी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात.

"काय म्हणतोय ताप?" बोधिसत्त्व ओट्यावरून विचारी.

"उतरला मामंजी," ती म्हणे. "पोर निजलं."

घरात बोधिसत्त्वाची थोरली बहीण माणिकाही होती. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी परतली, आणि बोधिसत्त्वाची बायको वारल्यावर घरातले वडीलपण तिच्याकडे आले. कोनाड्यातल्या मडक्यावर तिचा जीव होता. नंदिकेच्या हातात ते मडके तिनेच दिले होते.

पौर्णिमेच्या खेळातही रीत पाळली जाई. ढोल वाजला की त्या घरातली सून आतून मडके घेऊन बाहेर येई, लोक जयजयकार करीत आणि मग घागरी रित्या होत. आग खरी नसल्यामुळे सुनेला आत जाऊन यायला काहीच वेळ लागत नसे.

बोधिसत्त्वाच्या ते ध्यानात आले. एका पौर्णिमेला तो बहिणीला म्हणाला, "अक्का, हे बदलायला हवं. खऱ्या आगीत ती खोली म्हणजे भट्टी. निखाऱ्याला वारा लागू नये म्हणून आपण तिला दुसरं दार ठेवलं नाही. तिथं माणूस गेलं तर येईल कुठून?"

माणिका म्हणाली, "सोमा, शेगडी अंगणात गेली, मी बोलले नाही. देवाच्या दिव्याजवळ वाळूची पाटी आली, बोलले नाही. म्हातारपणी मला चार पायांवर चालायला लावलंस, तेही चालले. एवढं एक राहू दे."

"निखारा लेकरं जगवायला आणला होता, अक्का."

"म्हणूनच तर जपायचा."

आळीचा पुरोहित पिंगल तिथेच बसला होता. तोही म्हणाला, "ज्येष्ठक, लोकांनी तुमचं इतकं ऐकलं. आता रीतीला हात लावाल तर मागचंही सोडून देतील."

बोधिसत्त्वाने विचार केला, की पिंगल म्हणतो ते अगदीच खोटे नाही. पुढच्या पावसाळ्यात आळीची सभा बसेल, तेव्हा सगळ्यांसमोर हा विषय काढू. तोवर जे मिळाले आहे ते टिकू दे. असा विचार करून तो गप्प राहिला.

पण पावसाळ्याआधी उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात राजकन्येचे लग्न निघाले.

राजवाड्यातून भांडारप्रमुख आला. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक सुवासिनीला शोणावतीच्या बांगड्या द्यायच्या होत्या, आणि त्या शुक्लपक्ष संपण्याआधी हव्या होत्या. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराजांना सांगा, इतक्या बांगड्या इतक्या दिवसांत करायच्या तर आळीला झोप सोडावी लागेल. आगीजवळ काम करणारा माणूस पेंगायला लागला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला मुहूर्त ठाऊक आहे," भांडारप्रमुख म्हणाला. "तो पुढं सरकत नाही."

आळी कामाला लागली. उन्हाळ्याचा वारा सुटला होता. अंगणातल्या शेगड्यांवर धूळ बसे, गरम लाखेत कण अडकत, चकाकी जाई. राजवाड्यातून परत आलेला माल पाहून एकेका घराने आपली शेगडी गुपचूप आत घेतली. ज्येष्ठकाच्या घरातली शेगडी सगळ्यांत शेवटी आत गेली, आणि ती माणिकेने नेली.

नंदिका म्हणाली, "आत्याबाई, मामंजी रागावतील."

"तो राजवाड्यात गेलाय मुदत मागायला. यायच्या आत परत बाहेर ठेवू. टिकल्या बघ कशा पडतायत या वाऱ्यानं. त्या काय तुझा मामंजी वेचणार?"

"शेगडी राळेपासून लांब तरी ठेवा. नाही तर आपलीच बांगडी व्हायची, तीही टिकल्यांची," नंदिका म्हणाली आणि स्वतः उठून तिने शेगडी सरकवली. मग ती अंगणात लेकीला, उत्पलेला, जेवायला घालायला गेली.

दुपार होती. माणिकेची नजर मंद झालेली, आणि बरेच दिवस पुरती झोप नव्हती. लाखेची कांडी शेगडीवर धरता धरता तिचा डोळा लागला. कांडी निखाऱ्यात पडली. जळती लाख गळून पेंढ्यावर गेली, आणि पेंढ्यावरून ज्वाळा छपराला भिडली.

बोधिसत्त्वाने शिकवलेले सगळे नंदिकेने केले. तिने प्रथम ओरडून आळी सावध केली. उत्पलेला अंगणाबाहेर बसवले. गोणपाट उचलले, अंगावर घेतले, आत शिरली आणि माणिकेला काखेत धरून फरफटत बाहेर आणले. म्हातारीच्या लुगड्याचा काठ पेटला होता, तो तिने वाळूत लोळवून विझवला. छप्पर वरून धडधडू लागले होते, पण घरातली सगळी माणसे आता बाहेर होती. ढोल वाजला. नदीपासून दारापर्यंत रांग लागली, दर पौर्णिमेला लागे तशी, आणि घागरी भरभरून आल्या. काहीही चुकले नव्हते.

पहिली घागर कुंभकाच्या हातात होती. त्याने ती उचलली आणि तसाच थांबला.

माणिका जमिनीवरून उठली. तिने घराकडे पाहिले, आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "निखारा!"

कोणी काही बोलले नाही. साऱ्या रांगेने मान वळवून नंदिकेकडे पाहिले.

नंदिकेनेही त्यांच्याकडे पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने सगळ्यांची तोंडे पाहिली. त्या रांगेत तिच्याबरोबर पाण्याला जाणाऱ्या होत्या, तिच्या बाळंतपणात रात्रभर पाय चेपणाऱ्या होत्या. मग तिने उत्पलेला उचलून माणिकेच्या कडेवर दिले. म्हणाली, "हिचा भात अर्धा राहिलाय." गोणपाट रांजणात बुडवले, डोक्यावर घेतले आणि खाली वाकून ती आत गेली.

घागरी हातात धरून आळी उभी राहिली.

राजवाड्यातून मुदत न मिळता परतणाऱ्या बोधिसत्त्वाला वळणावरूनच धूर दिसला. तो धावत आला. त्याने बहिणीला पाहिले, नातीला पाहिले, रांग पाहिली, पाण्याने काठोकाठ भरलेल्या घागरी पाहिल्या.

"पाणी का थांबलंय?"

कुंभक म्हणाला, "निखारा यायचाय."

"कोण गेलंय?"

त्यावर कुंभकाने मान खाली घातली. बोधिसत्त्वाने पुन्हा एकदा माणसे पाहिली, आणि कोण नाही ते त्याला कळले. त्याने कुंभकाच्या हातून घागर हिसकली आणि जळत्या दारावर ओतली.

लोकांनी त्याला धरले. "ज्येष्ठक, काय करताय! थोडं थांबा, येईलच ती! कुळ बुडवाल!" पिंगलाने त्याच्यासमोर दोन्ही हात पसरले. बोधिसत्त्व आयुष्यात कोणाला मोठ्याने बोलला नव्हता. तो त्या वेळी ओरडला, "माणूस आत आहे! टाका पाणी!" कोणीच हलेना. तेव्हा कुंभकाच्या बायकोने रांगेतून बाहेर येऊन आपली घागर ओतली. तिच्यामागून दुसरीने, मग तिसरीने. मग सगळ्यांनीच ओतल्या. पाणी भरपूर होते. ते लवकर हाताशी यावे म्हणून बोधिसत्त्वानेच इतक्या वर्षांत व्यवस्था केली होती.

आग विझली तेव्हा नंदिका आतल्या खोलीच्या उंबरठ्याशी सापडली. ती तोंड जमिनीशी नेऊन, दाराच्या दिशेने पडली होती. शिकवले होते तशी ती रांगत येत होती. पण एका हातात मडके असले की माणसाला नीट रांगता येत नाही.

मडके तिच्या पोटाशी होते. झाकण निघाले होते, आत पाणी शिरले होते. राख भिजून चिखल झाली होती.

दुसऱ्या दिवशी राजाने चौकशी लावली. मूळ निखारा कसा विझला, निखारा आत असताना पाणी कोणी टाकले आणि त्याचा दोष कुळाला लागतो की नगराला, याची सविस्तर विचारपूस झाली. माणूस कसे मेले, याची झाली नाही. घरात आणलेल्या शेगडीचा प्रश्न एकदा निघाला, पण शेगडीमागे वारा, वाऱ्यामागे घाई आणि घाईमागे राजवाडा असल्यामुळे तो लगेच मागे घेण्यात आला.

पिंगलाने मार्ग काढला होता. तो म्हणाला, "महाराज, निखारा विझला असं म्हणणं बरोबर नाही. तो नंदिकेनं आपल्या देहात घेतला. ती सामान्य स्त्री नव्हती. तिच्या नावानं मंदिर उठवावं. मंगलकार्याच्या वर्षी नगरात देवी प्रकटली, यासारखा शकुन नाही. तिच्या चितेतून घेतलेला निखारा आळीला पुन्हा देता येईल."

राजाला हे फार आवडले. तो बोधिसत्त्वाला म्हणाला, "सोमका, तू रीत मोडलीस. पण तू देवीचा सासरा आहेस. मंदिराचा कारभार तुझ्याकडे देतो, नगरातल्या सगळ्या कारागिरांचं प्रमुखपदही देतो. तू सभेत एवढंच सांग, की ती स्वतःच्या इच्छेनं गेली."

सभा तुडुंब भरली होती. आळीतले लोकही उभे होते. बोधिसत्त्वाला कळत होते, की 'हो' म्हटले तर आपले घर राहील, मान राहील, आळीही सुखाने झोपेल. आणि त्याला हेही कळत होते, की देवीच्या मागे जाणाऱ्या सुनांची रांग मग कधी संपणार नाही. कुंभकाची धाकटी सून पोटुशी होती. ती सासूच्या आडून त्याच्याकडे पाहत होती, आणि आपले मडके आता कोणत्या रीतीचे होणार, हे त्याच्या तोंडून ऐकायला ती आली होती.

तो म्हणाला, "महाराज, तिला कोणी 'जा' म्हटलं नाही, हे खरं आहे. तिला कोणी 'जाऊ नकोस' म्हटलं नाही, हेही खरं आहे. सगळी आळी तिच्याकडं बघत होती. एवढी माणसं एका माणसाकडं तसं बघत उभी राहिली, तर त्यानंतर त्याची इच्छा कुठं राहते?"

तो पुढे म्हणाला,

"ती देवी नव्हती. ती माझी सून होती, नंदिका. तिला बाहेर यायचं होतं. तोंड दाराकडं होतं तिचं. लेकीचा अर्धा राहिलेला भात तिला भरवायचा होता. तिला देवी केलंत तर पाणी हातात धरून उभ्या राहिलेल्यांना काही विचारता येणार नाही. मला विचारता येणार नाही, मी ही रीत बदलणं पुढच्या पावसाळ्यावर ढकललं होतं. आणि महाराज, तुम्हालाही विचारता येणार नाही. म्हणूनच ती देवी व्हायला हवी आहे. मी तसं सांगणार नाही. मला प्रमुखपद नको. ही रीत तेवढी बंद करा."

 राजा म्हणाला, की कारागिरांच्या रीतींत राजाने ढवळाढवळ करणे योग्य नाही.

लग्नाच्या बांगड्या ठरल्या दिवशी पोचल्या.

मंदिरही झाले. पिंगल तिथला पुजारी झाला, आणि त्याने दिलेला निखारा घराघरांच्या कोनाड्यात गेला. बोधिसत्त्वाला आळी सोडावी लागली. तो नदीच्या पलीकडे खोपटे बांधून राहिला. भद्रक जत्रेहून परतला तो थेट तिथे आला. बायको कशी गेली हे त्याने बापाकडून ऐकून घेतले. मंदिराच्या पायरीवर तो कधी गेला नाही, आणि पुढे जत्रांनाही गेला नाही. काही दिवसांनी माणिकाही नातीला घेऊन पलीकडे आली. ती दारात बसली, आत येईना.

"सोमा, मी नुसतं 'निखारा' म्हटलं रे."

"हो, अक्का."

"'जा' नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस."

"मग ती का गेली?"

 बोधिसत्त्वाने तिचा हात धरला आणि तिला आत आणले, जसे नंदिकेने तिला बाहेर आणले होते. माणिका उरलेले आयुष्य तिथेच राहिली. ती उत्पलेला रोज स्वतःच्या हाताने भात भरवी आणि ताटात एक शीत राहू देत नसे. पोरीला भूक नसली तरी देत नसे.

रोज संध्याकाळी बोधिसत्त्व चूल पाणी टाकून विझवी. मग राखेवर हाताची मागची बाजू ठेवी आणि ती गार होईपर्यंत तशीच धरून बसे. सकाळी तो लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव करी.

एकदा आळीतल्या काही बायका धुणे धुवायच्या निमित्ताने नदी उतरून आल्या. पुढे कुंभकाची बायको होती, मागे तिची धाकटी सून.

"ज्येष्ठक," ती म्हणाली. आळीने त्याचे ते पद काढले होते, तरी ती तसेच म्हणाली. "रोज विझवलेली चूल रोज पेटते कशी, ते दाखवा."

त्याने दाखवले. बायका आळीपाळीने लाकूड घासत होत्या, ठिणगी पडली की एकमेकींकडे पाहत होत्या. सून हसू लागली आणि मग तिला रडू फुटले. "एवढंच होतं?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी आम्ही ते जपत होतो?"

त्या परत गेल्या. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, कोनाड्यातले मडकेही हलवले नाही. फक्त एकेकीने आतला निखारा विझू दिला आणि झाकण लावून ठेवले. पुरुष येता-जाता मडक्याला हात जोडत राहिले. आळीत नंतरही आगी लागल्या. प्रत्येक वेळी कोणी तरी "निखारा!" म्हणून ओरडे, आणि त्या घरातली बाई लेकरू कडेवर घट्ट धरून म्हणे, "आणलाय मी. टाका पाणी."

त्या पिढीत आळीतली एकही सून आगीत परत गेली नाही.

पुढे त्या बायका म्हाताऱ्या होऊन गेल्या. मडकी रिकामी का आहेत, हे सांगणारे कोणी उरले नाही. रिकामे मडके कोनाड्यात बरे दिसत नाही, म्हणून लोक त्यात दागिने ठेवू लागले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, श्रावस्तीच्या विहारात सांगितली. त्याच्या आदल्या दिवशी नगरात एका सावकाराच्या वाड्याला आग लागली होती. सगळी माणसे बाहेर आली होती. तेवढ्यात सासूला दागिन्यांचा डबा आठवला, आणि सून तो आणायला परत आत गेली. नगरात जो तो तिच्या धैर्याची स्तुती करीत होता. सासू खेमिका विहारात येऊन शास्त्याच्या पायाशी बसली होती. तिने विचारले होते, "भगवन्, ती नक्की स्वर्गात गेली असेल ना?"

कथा संपवून शास्त्याने जन्मांची सांगड घातली. तो म्हणाला, "तेव्हाचा राजा आणि पुरोहित आजही राजे आणि पुरोहित आहेत, त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. खेमिके, तेव्हाची माणिका तूच होतीस. माझ्या त्या जन्मात मी तुझा हात धरला होता, आजही धरतो. कुंभकाची बायको ही समोर बसलेली भिक्षुणी सुमेधिनी. सोमक ज्येष्ठक मी होतो." मग त्याने समोर बसलेल्या सगळ्यांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नजर फिरवली. "आणि भरल्या घागरी हातात धरून उभी राहिलेली ती रांग म्हणजे ही परिषद."

 सुमेधिनीने विचारले, "भगवन्, आणि नंदिका?"

शास्ता म्हणाला, "जिची राख आज सकाळी तुम्ही अचिरवती नदीत सोडली, ती."

खेमिकेने तोंडावर पदर घेतला. शास्ता तिच्याजवळ तसाच बसून राहिला. मग त्याने हळू आवाजात सांगितले, की त्या जन्मी मी ज्या गुणाची कास धरली त्याचे नाव अप्रमाद. आग लागण्याआधी जागे असणे, आणि लागल्यावर माणसाखेरीज कशाचीही वाट न पाहणे. तो गुण सोमकाला एका पावसाळ्याने उशिरा आला.